दोन-तीन झुरके

कोजागिरी होऊन चार दिवस झाले होते. पाऊस परतला होता, पण रेवदंड्याच्या वाड्यांमधली ओल अजून गेलेली नव्हती. नारळी-पोफळीच्या बुंध्यांवर शेवाळ हिरवंगार होतं. माझ्या एका बालमित्राने गावाबाहेर, समुद्राच्या अंगाला, जुनी वाडी विकत घेऊन घर बांधलं आहे. मुंबईहून तो शनिवार-रविवारी येतो. त्या संध्याकाळी पडवीत बसल्यावर त्याने आतून देवदाराची एक पेटी आणली, तिच्यातल्या आर्द्रतामापकाच्या काट्याकडे पाहून समाधानाने मान हलवली आणि एक जाडजूड, काळपट तपकिरी सिगार माझ्यासमोर धरली.

“निकाराग्वाची आहे. फुल बॉडीड. घाई करू नकोस, धूर छातीत घेऊ नकोस. ही विडी नाही. हिचा आस्वाद घ्यायचा असतो.”

मी तंबाखूपासून आयुष्यभर लांब राहिलेला माणूस. त्याला कारण आहे, ते पुढे येईल. पण मित्राचा उत्साह मोडवेना. त्याने छोट्या पात्याने सिगारची टोपी उडवली, दुसरं टोक ज्योतीला न टेकवता ज्योतीवर धरून हळूहळू फिरवलं, कडा सारखी फुलू दिली आणि मग माझ्या हातात दिली. मिनिटाला एखादाच झुरका घ्यायचा, धूर तोंडात घोळवायचा, थोडा नाकावाटे सोडायचा. सिगारचे मनाने तीन भाग करायचे आणि प्रत्येक भागात चव कशी बदलते ते पाहायचं. त्याच्या फोनवर चवींचं एक रंगीत चक्र होतं : लाकूड, माती, मसाले, सुकामेवा, चामडं, कॉफी. त्यातले शब्द इंग्रजी होते.

मी पहिला झुरका घेतला. जिभेच्या शेंड्यावर मिरी चुरचुरली. दुसऱ्याला ओल्या मातीचा वास आला आणि मागोमाग करपायला आलेल्या गुळाचा. तिसरा नाकातून सोडला आणि थबकलो. हा वास माझ्या ओळखीचा होता. तो त्या चक्रात कुठेच नव्हता.

“काय आलं?” मित्राने उत्सुकतेने विचारलं.

“मशेरी,” मी म्हणालो. “आजी तव्यावर तंबाखू भाजायची, तो वास.”

मित्र हसला, पण जरा नाराजही झाला. “मशेरी? अरे, हे कुठे आणि ते कुठे!”

त्याच्या या वाक्याने मला कामाला लावलं. हे कुठे आणि ते कुठे, याचा माग इतिहासात काढता येतो. तोही याच किनाऱ्यावरून.

*

मित्राच्या पडवीतून रेवदंड्याच्या कोटाची तटबंदी दिसत नाही, पण सातखणी मनोऱ्याचा शेंडा माडांच्या वर दिसतो. चौल हे प्राचीन बंदर. पोर्तुगीजांनी निजामशाहीच्या परवानगीने सोळाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात इथे, म्हणजे खालच्या चौलात, ठाणं वसवलं. १५७०-७१ मध्ये निजामशाहीनेच त्या ठाण्याला वेढा घातला, पण ते पडलं नाही. समोरचा कोर्लईचा डोंगर १५९४ मध्ये पोर्तुगीजांच्या हाती गेला आणि १७४० मध्ये मराठ्यांनी दोन्ही ठाणी घेतली. म्हणजे दोनशेहून अधिक वर्षं रेवदंडा लिस्बनपासून मकावपर्यंत पसरलेल्या एका समुद्री राज्याचा तुकडा होता. कोर्लई गावात जेमतेम हजारभर माणसं आजही पोर्तुगीज आणि मराठीच्या मिश्रणातून घडलेली स्वतःची बोली बोलतात.

त्या समुद्री राज्याच्या जहाजांतून मिरची आली, अननस आला, पेरू आला, काजू आला. आपल्या ताटातून आता ते वेगळे काढता येत नाहीत. तंबाखूही त्यातलीच. तिचं मूळ अमेरिकेत. नोव्हेंबर १४९२ मध्ये कोलंबसाने क्यूबाच्या आतल्या भागात पाठवलेल्या रॉद्रिगो दे हेरेस आणि लुईस दे तोरेस या दोघांनी तिथली तायनो माणसं पानांच्या सुरळ्या पेटवून धूर ओढताना पाहिली. पानात पान गुंडाळून ओढणं हीच सिगारची मूळ कल्पना. ती युरोपीय माणसाने शोधलेली नाही, पाहिलेली आहे.

त्या पानाचा पुढचा प्रवास सुगंधी नाही. पोर्तुगीजांनी ब्राझीलमधल्या बाइया प्रांतात तंबाखूची मोठी लागवड केली, ती आफ्रिकेतून पकडून आणलेल्या गुलामांच्या श्रमावर. चांगला माल लिस्बनला जाई. हलक्या प्रतीच्या पानांचे दोर वळून, त्यांना काकवी चोपडून ते पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर पाठवत आणि त्यांच्या बदल्यात आणखी गुलाम विकत घेत. बाइयाची तंबाखू गोव्यालाही येई. तिथे तिच्या विक्रीचा मक्ता दिला जाई आणि त्या मक्त्यावर गोव्याच्या तिजोरीचा मोठा भार असे. रेवदंड्याचा कोट त्याच तिजोरीच्या हिशेबातला. आस्वादाच्या चक्रात काकवीची चव असते, तिचा हा हिशेब नसतो.

सिगारला आपल्याकडचा जुना शब्द चिरूट. त्या शब्दाचा प्रवासही समुद्रावरचा आहे. तमिळमध्ये ‘सुरुट्टु’ म्हणजे गुंडाळी. पोर्तुगीजांनी त्याचं ‘शारूतु’ केलं, इंग्रजांनी ‘चेरूट’, आणि इंग्रजांकडून तो मराठीत चिरूट होऊन उतरला. तमिळ मुलखातल्या तिरुचिरापल्ली आणि दिंडिगलच्या चिरूटांची कीर्ती इतकी झाली की १८८७ मध्ये आर्थर कॉनन डॉयलने शेरलॉक होम्सला पहिल्याच कादंबरीत नुसत्या राखेवरून त्रिचनापल्लीचा चिरूट ओळखायला लावला. आपण जिला परदेशी ऐट समजतो, तिच्या इंग्रजी नावातच एक द्राविडी क्रियापद वळून बसलेलं आहे.

*

भारतात तंबाखूचा ‘आस्वाद’ पहिल्यांदा कोणी आणि कसा घेतला, याचा एक तपशीलवार वृत्तान्त आपल्याकडे आहे. तो लिहिला असद बेग या मुघल अधिकाऱ्याने. शाहजादा दानियालसाठी इब्राहीम आदिलशहाची मुलगी सून म्हणून आणायची होती, त्या कामावर अकबराने त्याला विजापूरला पाठवलं होतं. विजापुरात त्याला तंबाखू दिसली. हिंदुस्थानात आपण असं काही पाहिलं नव्हतं, असं तो लिहितो. परतताना त्याने थोडी बरोबर घेतली. साल १६०४-०५ च्या आसपासचं. त्याच १६०४ साली इंग्लंडचा राजा पहिला जेम्स तंबाखूची निर्भर्त्सना करणारी पुस्तिका छापत होता.

असद बेगने नुसतं पान नेलं नाही, त्याचा थाट नेला. अचीनहून आलेली तीन हात लांबीची सुंदर नळी, तिच्या दोन्ही टोकांना रत्नं आणि मीनाकाम. तोंडात धरायला येमेनी अकीकाचा लंबगोल तुकडा. तंबाखू जाळायला सोन्याची वाटी. हे सगळं चांदीच्या तबकात मांडून, नळीला चांदीची म्यान आणि त्या म्यानेवर जांभळं मखमल चढवून त्याने बादशहासमोर ठेवलं. अकबराने विचारलं, हे काय? खान-ए-आझम म्हणाला, ही तंबाखू, मक्का-मदिनेत सगळ्यांना ठाऊक आहे, आणि हा वैद्य ती आपल्यासाठी औषध म्हणून घेऊन आला आहे.

अकबराने नळी तोंडाला लावली. शाही हकीम अस्वस्थ झाला, ओढू नका म्हणाला. असदचं मन राखायला थोडी ओढलीच पाहिजे, असं म्हणून बादशहाने दोन-तीन झुरके घेतले. मग हकीम आणि असद बेग यांच्यात वाद जुंपला. हकिमाचं म्हणणं : या वस्तूचा आमच्या ग्रंथांत उल्लेख नाही, तिची पारख झालेली नाही, बादशहाला ती कशी देऊ? असदचं म्हणणं : युरोपातले लोक काही मूर्ख नाहीत, त्यांच्यातल्या जाणत्यांनी तिची परीक्षा केली असणारच. अकबराने असदची बाजू घेतली. केवळ आपल्या पुस्तकांत नाही म्हणून दुसऱ्या देशांतल्या शहाण्यांनी स्वीकारलेली गोष्ट टाकून द्यायची नसते, नाहीतर आपण पुढे कसे जाणार, अशा अर्थाचं तो बोलला.

हा संवाद अकबराच्या मोकळ्या बुद्धीचा पुरावा म्हणून सांगितला जातो, आणि तो तसा आहेच. पण चारशे वर्षांनी वाचताना मला हकिमाकडे पुन्हा पाहावंसं वाटतं. दरबारी वादात तो हरला. तरी त्याचा मुद्दा ग्रंथप्रामाण्याचाच नव्हता. जे पारखलेलं नाही ते शरीरात घालू नका, एवढंच तो सांगत होता. समोर सोन्याची वाटी आणि जांभळं मखमल नसतं, कुणा हमालाच्या हातातली मातीची चिलीम असती, तर त्याचं म्हणणं इतक्या सहज बाजूला सारलं गेलं असतं का?

अकबराने पुढे तंबाखूची सवय लावून घेतली नाही. दरबाऱ्यांनी मात्र घेतली. असद बेग लिहितो की त्याने उरलेली तंबाखू सरदारांना वाटली, मग सगळ्यांचीच मागणी सुरू झाली, व्यापारी विकू लागले आणि चाल झपाट्याने पसरली. १६१७ मध्ये जहांगीरने बंदी घातली, तोवर उशीर झाला होता.

*

किती उशीर, ते कळायला कोकणातच यावं लागतं. शिवाजी महाराजांचं चिपळूणजवळच्या छावणीतल्या अधिकाऱ्यांना गेलेलं पत्र मराठी वाचकाला परिचित आहे. १६७० च्या दशकाच्या पूर्वार्धातलं ते पत्र आपण रयतेची काळजी वाहणाऱ्या राजाचं पत्र म्हणून वाचतो. त्यातच आगीबद्दलचा सविस्तर इशारा आहे. पावसाळ्यासाठी साठवलेल्या गवताच्या गंजी शेजारी असताना शिपाई शेकोट्या पेटवतील, भलत्या जागी चुली मांडतील, तंबाखूसाठी विस्तव घेतील, वाऱ्याचं भान ठेवणार नाहीत आणि एका ठिणगीने सगळी पागा उपाशी मरेल. दिव्याची जळती वात उंदीर ओढून नेईल, इथपर्यंत त्यात विचार आहे.

माझं लक्ष त्यातल्या तंबाखूच्या उल्लेखाने वेधलं. आग्र्याच्या दरबारात चांदीच्या तबकातून आलेली अपूर्वाई सत्तर वर्षांच्या आत कोकणातल्या साध्या घोडेस्वाराच्या रोजच्या सवयीत इतकी मुरली होती, की राजाला शेकोटी आणि चुलीच्या रांगेत तिची दखल घ्यावी लागली.

एवढ्या वेगाने ती मुरली याचं एक कारण असं की तिच्यासाठी इथे घर तयार होतं. चौल-रेवदंड्याच्या वाड्या सुपारी आणि नागवेलीच्या. पान गुंडाळून तोंडात धरायची, पाहुण्याला विडा द्यायचा, ही रीत जुनीच. तंबाखू त्या विड्यात चिमूटभर शिरली आणि घरची झाली. विडी हा शब्दही विड्याचाच धाकटा भाऊ. पुढे ती तेंदूच्या पानात वळली जाऊ लागली, कुठे आपट्याच्या पानातही. दसऱ्याला ज्याला आपण सोनं म्हणतो, तेच पान.

मग प्रत्येकाच्या पायरीप्रमाणे तिची रूपं ठरली. सरदाराचा हुक्का आणि गुडगुडी, बैराग्याची चिलीम, शास्त्रीबुवांची तपकीर, साहेबाचा चिरूट, गिरणी कामगाराची विडी, नांगरधाऱ्याची चुना लावून मळलेली चिमूट. बायकांच्या वाट्याला मशेरी आली. चारचौघांत धूर काढणं बाईला शोभत नाही, पण दात घासायला हरकत नाही. दात घासणं दिवसातून चार वेळाही होऊ शकतं.

या रूपांबरोबर शब्दांचीही वाटणी झाली. हुक्का आणि चिरूट यांच्यासाठी शौक. विडी, चिमूट आणि मशेरी यांच्यासाठी व्यसन. निकोटिनला हा फरक कळत नाही. भाषेला तो पक्का ठाऊक आहे.

*

आता सिगारकडे परत यावं, कारण ती समजून न घेता तिच्यावर बोलणं हा अन्याय होईल. चांगली सिगार ही खरोखरच कसबाची वस्तू आहे. तिच्यात तीन थर असतात : आतली भरणी, तिला धरून ठेवणारं बांधणीचं पान आणि वरचं तलम वेष्टण. भरणीत झाडाच्या वेगवेगळ्या उंचीवरची पानं मिसळतात. खालची पानं नीट जळण्यासाठी, मधली सुगंधासाठी, आणि शेंड्याकडची, ज्यांना स्पॅनिशमध्ये ‘लिहेरो’ म्हणतात, ती ताकदीसाठी. शेंड्याच्या पानांना ऊन सगळ्यात जास्त मिळतं. ती जाड, तेलकट होतात, हळू जळतात. भरदार सिगार म्हणजे ज्यात या पानांचा वाटा मोठा. माझ्या हातातल्या सिगारचं कूळ क्यूबाचं होतं. १९५९ च्या क्रांतीनंतर देश सोडलेल्या बागायतदारांनी क्यूबन बियाण्याची लागवड निकाराग्वाच्या एस्तेली खोऱ्यात नेली, तिथली ती.

जाणकार इथे एक बारीक भेद करतात. ताकद वेगळी आणि भरीवपणा वेगळा. ताकद म्हणजे निकोटिनचा तडाखा, तो डोक्यात आणि पोटात कळतो. भरीवपणा म्हणजे धुराचं तोंडातलं वजन, चवींची दाटी. सिगार ताकदवान असूनही पोकळ असू शकते. मित्राने हे समजावलं तेव्हा मला पुन्हा आजी आठवली. बाजारातून आणलेली तंबाखू ती चिमटीत धरून हुंगायची, कण जिभेवर ठेवायची आणि निकाल द्यायची, “कडक हाय, पन पोकल हाय.” आमच्याकडे ळ चा ल होतो. चवीचा निकाल तिने अचूक दिला होता.

पान तोडल्यावर लगेच कोणी ओढत नाही. ते सावलीत वाळवतात आणि मग थप्प्या रचतात. थप्पीच्या पोटात ओल आणि दाब यांनी आपोआप उष्णता तयार होते, अमोनियाचा उग्र दर्प निघून जातो, रंग गडद होतो, कडवटपणा उतरतो. ठरावीक दिवसांनी थप्पी मोडून आतली पानं बाहेर, बाहेरची आत करतात. शेंड्याच्या पानांना मुरायला सगळ्यात जास्त वेळ लागतो, निदान दोन वर्षं. लोणच्यासारखंच. मुरणं हा शब्द मराठीत या कामासाठी तयारच आहे.

या थप्प्यांबद्दल वाचताना मला निपाणी आठवली. कोकणच्या पावसात तंबाखूचं पीक होत नाही. आमच्याकडे ती घाटावरून यायची आणि घाटावर तंबाखूचं मोठं नाव निपाणीचं. कर्नाटकाच्या बेळगाव जिल्ह्यातलं हे मराठी बोलणारं गाव विडीच्या तंबाखूची पेठ. तिथल्या वखारींमध्ये हजारो बायका तंबाखू कुटायच्या, चाळायच्या. नाकातोंडाला बांधलेल्या फडक्यातून धूळ आत जायची. अनिल अवचटांनी त्या बायकांवर लिहिलं. १९८२ मध्ये दीपा धनराज आणि त्यांच्या युगांतर गटाने त्यांच्या संघर्षावर माहितीपट केला, त्याचं नाव ‘तंबाखू चाकीला ऊब आली’. ऊब हा शब्द मला तेव्हापासून सोडत नाही. जी उष्णता पानाला चवदार करते, तोच शब्द बायकांच्या संघटनेसाठी वापरला गेला. त्याच्या आदल्या वर्षी, १९८१ मध्ये, तंबाखूला रास्त भाव मागणारे शेतकरी शरद जोशींच्या नेतृत्वाखाली निपाणीजवळ महामार्गावर ठाण मांडून बसले होते. ६ एप्रिलला पोलिसांच्या गोळीबारात बारा शेतकरी मारले गेले.

हवानातही एक गोष्ट आहे, ती आपल्यासारख्या वाचणाऱ्यांना आवडेल. १८६५ पासून तिथल्या सिगार कारखान्यांत कामगार आपल्याच मजुरीतून पैसे काढून एक वाचक ठेवू लागले. हात पानं वळत असताना तो उंच आसनावरून वर्तमानपत्र आणि कादंबऱ्या मोठ्याने वाचे. पुढच्याच वर्षी सरकारने त्यावर बंदी आणली. ऐकणारा कामगार प्रश्न विचारू लागतो, ही धास्ती. पण प्रथा टिकली. १९३५ मध्ये निघालेल्या ‘माँटेक्रिस्टो’ सिगारचं नाव अलेक्झांडर ड्यूमाच्या कादंबरीवरून पडलेलं आहे. आज जगभरच्या दिवाणखान्यांत मिरवणारं हे नाव आलं ते त्या वाचनाच्या परंपरेतून.

*

आता माझं कारण सांगतो.

आजी रोज दुपारी, जेवणं आटोपल्यावर, चुलीच्या विझत्या निखाऱ्यांवर तवा ठेवायची. त्यावर तंबाखू पसरायची आणि उलथन्याने हलवत राहायची. आच जास्त झाली तर ती करपते आणि जीभ चरचरते. कमी झाली तर कच्ची राहते आणि घेरी येते. पान काळं झालं पाहिजे पण राख होता कामा नये, तो क्षण ती वासावरून ओळखायची. मग तवा उतरवून पाट्यावर बारीक करायची आणि पत्र्याच्या डबीत भरायची. भरताना डबीत आधी बोट फिरवून ओल नाही ना ते बघायची. कोकणच्या पावसाळ्यात तंबाखूला बुरशी धरते. माझ्या मित्राच्या पेटीतला आर्द्रतामापक हेच काम करतो. युरोपात हिवाळ्यात सिगार सुकू नये म्हणून पेटी लागते, आमच्याकडे ती फार ओलावू नये म्हणून. पासष्ट ते सत्तर टक्के आर्द्रता हवी, आणि आषाढात आमची हवा त्याच्या कितीतरी पुढे असते.

शेजारपाजारच्या बायका आजीकडून मशेरी मागून न्यायच्या. तिच्या हाताची चव निराळी, असं म्हणायच्या. आज मागे पाहताना दिसतं की ती तिच्या गल्लीतली जाणकार होती. पान पारखणं, आच राखणं, मुरवणं, साठवणं, चवीला नेमका शब्द देणं, यातलं काय तिच्यापाशी नव्हतं? पण घरात कोणी तिच्या या कसबाला कसब म्हटलं नाही. आम्ही तिला चिडवायचो. वडील रागवायचे. ते व्यसन होतं.

आणि ते होतंच. मी नववीत असताना तिच्या गालाच्या आतल्या बाजूला पांढरा चट्टा आला. मग तो लाल झाला. मग तिला तिखट लागेना, मग मीठही. मुंबईच्या इस्पितळात नेईपर्यंत आजार पुढे गेला होता. शेवटच्या महिन्यात ती फक्त पेज घ्यायची, तीही चमच्याने. एकदा पेज भरवताना मला म्हणाली, “कशालाच चव नाय रे.” जिने आयुष्यभर कणाकणाने चव पारखली, तिच्या तोंडातून चवच गेली. मी तेव्हापासून तंबाखूपासून लांब आहे.

मित्राला मी हे कधी सांगितलं नव्हतं. त्या संध्याकाळी सांगितलं. तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, “पण मी धूर आत घेत नाही.” हा त्याचा प्रामाणिक समज होता, आणि बहुतेक शौकिनांचा असतो. सिगारेटचा धूर आम्लधर्मी, म्हणून तो छातीत घेतला तरच निकोटिन पुरेसं मिळतं. सिगारचा धूर अल्कधर्मी. त्यातलं निकोटिन तोंडाच्या अस्तरातूनच रक्तात उतरतं, म्हणून छातीत ओढायची गरज पडत नाही. मशेरीही तोंडाच्या अस्तरातूनच काम करते. धूर आत न घेणाऱ्यालाही तोंडाच्या, घशाच्या, अन्ननलिकेच्या कर्करोगाचा धोका असतो. चव घेण्यासाठी जी जागा वापरायची, धोकाही तिथेच. माझ्या नाकाने दोन वास एकच म्हणून ओळखले, त्यात चूक नव्हती. शरीरात त्यांचा रस्ता एकच आहे.

फरक आहे तो संख्येचा आणि संधीचा. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ ३.८ टक्के होते, आणि धूरविरहित तंबाखू, म्हणजे चघळायची, मळायची, लावायची तंबाखू घेणारे २४.४ टक्के. देवदाराच्या पेट्या त्या ३.८ मधल्या एका अगदी पातळ पापुद्र्याकडे असतील. माझा मित्र महिन्याला दोन सिगारी ओढतो, वर्षाला तपासणी करून घेतो, दाताच्या डॉक्टरकडे जातो. आजीची डबी दिवसातून सहा वेळा उघडायची आणि तिने डॉक्टर पाहिला तो गिळता येईना तेव्हा. शौक आणि व्यसन यांत खरा फरक असेल तर तो चवीच्या जाणकारीत नाही. थांबता येण्यात, वेळेवर कळण्यात आणि उपचार परवडण्यात आहे. ज्यांच्यापाशी हे असतं, त्यांच्या सवयीला भाषा रसिकता म्हणते.

म्हणून मी मित्राला सिगार टाकून दे म्हणालो नाही. तो जाणता माणूस आहे, त्याचं त्याने ठरवावं. रसिकता खोटी असते, असंही मला म्हणायचं नाही. मीच तीन झुरक्यांत मिरी, माती आणि गूळ मोजून आलो होतो, आणि त्यात सुख होतं हे नाकारण्यात अर्थ नाही. माझी मागणी एवढीच की रसिकता म्हणायचं असेल तर ती तव्यापाशी बसलेल्या बाईचीही होती, हे मान्य करावं. आणि व्यसन म्हणायचं असेल, तर देवदाराची पेटीही त्यातून सुटत नाही. इतिहास लिहिणाऱ्यांनी दोन्हीकडे एकच शब्द वापरून पाहावा. असद बेगच्या तबकातली रत्नं बाजूला काढली, तर खाली उरतं ते एक पान आणि त्याच्याकडे पाहून अस्वस्थ झालेला एक हकीम.

माझ्या हातातली सिगार एव्हाना आपोआप विझली होती. सिगार चेचून विझवायची नसते, बाजूला ठेवली की ती मरते, हेही त्याच संध्याकाळी कळलं. राखेचा इंचभर पांढुरका तुकडा तसाच चिकटून होता. मित्राने विचारलं, पुन्हा पेटवू का? मी नको म्हणालो. त्याचं मन राखण्यापुरते दोन-तीन झुरके झाले होते.

निघताना त्याने मला थांबवलं. “आजी तंबाखू किती वेळ भाजायची रे?”

मी सांगितलं, वेळेवर नाही, वासावर. त्याने मान डोलावली आणि पेटीचं झाकण लावलं. बाहेर ओहोटी लागली होती. कोर्लईच्या बाजूने वारा यायला लागला होता, आणि माझ्या सदऱ्याला घरी पोहोचेपर्यंत तव्याचा वास येत राहिला.